न्यायालयीन अनुवादाच्या टेबलावर टायलिंग विंडो मॅनेजर: नागपुरातील एक प्रकरण अभ्यास

माझी मावशी नागपुरात धरमपेठेत राहते आणि वीसहून अधिक वर्षे न्यायालयीन कागदपत्रांचा अनुवाद करते. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांचे बरेचसे कामकाज मराठीत चालते, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत होते. त्यामुळे वर्धा, यवतमाळ, भंडारा अशा ठिकाणचे एखादे प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आले, की त्यातील फिर्याद, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब, सातबाराचे उतारे आणि फेरफार या सगळ्यांचे इंग्रजी करून पेपरबुकात, म्हणजे अपिलासाठी लावलेल्या कागदपत्रांच्या संचात, लावावे लागते. वकिलांच्या कार्यालयांतून तिच्याकडे स्कॅन केलेल्या पीडीएफ फायली पेन ड्राइव्हवर येतात आणि त्यांची नावे मराठीत असतात (निशाणी म्हणजे न्यायालयात दाखल कागदाला दिलेला क्रमांक): ‘निशाणी ३२ फिर्यादीचा जबाब’, ‘निशाणी ४१ घटनास्थळ पंचनामा’. या नावांवरच पुढे सगळे अडले, म्हणून ती नावे मी इथे आधीच नोंदवून ठेवते.

तिचा लॅपटॉप जुना आहे. त्यात ४ जीबी मेमरी आणि १३६६ × ७६८ पिक्सेलचा पडदा आहे, आणि त्यावर मी डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली ग्नोम या डेस्कटॉपसह बसवून दिली होती. तक्रार आली ती यंत्र मंद झाल्याची. उच्च न्यायालयाची उन्हाळी सुटी लागली आणि तिच्या हातातले काम थोडे सैल झाले, तेव्हा मी एका सकाळी, कूलर नुकताच लावलेला असताना, तिच्या शेजारी बसून ती प्रत्यक्षात काय करते ते पाहिले. मंदपणा होता, पण खरा अडथळा दुसराच होता. डावीकडे मूळ कागद आणि उजवीकडे लिब्रेऑफिस रायटर ही मांडणी ती विंडोज कीसोबत बाणाची कळ दाबून करत असे आणि ग्नोम तेवढे नीट करतही असे. परंतु शब्दार्थांची यादी उघडली, की ती या दोन्हींवर येऊन बसे. ती बाजूला सारली की खालची फाईल झाकली जाई. दुसरी निशाणी उघडली की पुन्हा पहिल्यापासून मांडणी. जबाबातील एका वाक्यावरून नजर हलली की ते वाक्य पानावर पुन्हा शोधावे लागते, आणि हाताने लिहिलेल्या जबाबात ते शोधणे किती जिकिरीचे असते हे ज्याने ते काम केले आहे त्यालाच कळेल.

विंडो मॅनेजर म्हणजे पडद्यावर खिडक्या मांडणारा प्रोग्राम, आणि टायलिंग विंडो मॅनेजरचा विचार मला तिथेच सुचला. घरातली फरशी जशी एकमेकींना लागून बसते, कोणतीही फरशी दुसरीवर चढत नाही, तशा यात खिडक्या पडद्यावर शेजारी शेजारी बसतात. नवी खिडकी उघडली की आधीच्या आपोआप आक्रसून तिला जागा देतात. ही कल्पना नवी नाही. १९८५ साली आलेल्या विंडोजच्या पहिल्या आवृत्तीतही मुख्य खिडक्या एकमेकींवर येत नसत. नंतरच्या डेस्कटॉपांनी एकावर एक कागद ठेवण्याची पद्धत रूढ केली, आणि शेजारी शेजारी बसण्याची रीत मुख्यतः लिनक्स व युनिक्स वापरणाऱ्या थोड्या लोकांनी जपली.

पहिला प्रयत्न: डीडब्ल्यूएम

मी आधी डीडब्ल्यूएम बसवला. आन्सेल्म गार्बे यांनी २००६ साली सुरू केलेला हा विंडो मॅनेजर सी भाषेत लिहिलेला असून, त्याचा मूळ कोड २००० ओळींच्या पुढे जाऊ द्यायचा नाही असा त्याच्या कर्त्यांचा संकल्प आहे. त्याला वेगळी सेटिंग फाईल नाही. कळा, रंग, फाँट, खिडक्यांचे नियम हे सगळे कोडसोबतच्या एका हेडर फाईलमध्ये लिहायचे आणि पूर्ण प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे कोडवरून नव्याने तयार करायचा. मला ही पद्धत मनापासून आवडते, कारण त्यात जे आहे ते सगळे एका बैठकीत वाचून समजून घेता येते. मुख्य खिडकी डावीकडे ५५ टक्के रुंदीत आणि बाकीच्या उजवीकडे एकाखाली एक, ही त्याची मूळ मांडणीही मावशीच्या कामाला जवळची होती.

मुख्य कळ मी लगेच बदलली. डीडब्ल्यूएममध्ये ती मुळात ऑल्ट असते आणि रायटरचे सगळे मेनू ऑल्टनेच उघडतात, तेव्हा दोघांची टक्कर ठरलेलीच. तिच्या जागी विंडोज की दिली. ती तिच्या कीबोर्डवर एरवी रिकामीच होती.

मग तिने पेन ड्राइव्हवरची पहिली फाईल उघडली आणि वरच्या पट्टीकडे बोट दाखवून विचारले, ‘अगं, हे काय लिहिलंय?’ पट्टीवर ‘निशाणी’ हा शब्द मोडला होता. पहिली वेलांटी ‘न’च्या डावीकडे असायला हवी होती, ती उजवीकडे सरकून ‘श’ला लागली होती, त्यामुळे डोळ्यांना ‘न’, मग ‘शि’ आणि त्यापुढे सुटा काना असे दिसत होते. ‘फिर्यादी’ची अवस्था आणखी वाईट होती: रफार झालाच नव्हता, ‘र’च्या पायाशी हलन्ताची खूण लटकत होती आणि ‘फ’ची वेलांटी त्याच ‘र’वर जाऊन बसली होती. फाईल शोधण्यासाठी मी डीमेनूमध्ये, म्हणजे यादीतून निवड करू देणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये, नावांची यादी दिली होती. तिथेही प्रत्येक ओळ अशीच विस्कटलेली.

मला आधी वाटले फाँट चुकला. फाँट बदलून पाहिले, काही फरक पडला नाही, आणि कारण शोधताना लक्षात आले की दोष फाँटचा नव्हता. युनिकोडमध्ये देवनागरी मजकूर उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: आधी ‘न’, मग वेलांटी, आधी ‘र’, मग हलन्त, मग ‘य’. तो पडद्यावर काढताना वेलांटी डावीकडे नेणे, ‘र’ उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर ठेवणे, जोडाक्षर बांधणे ही कामे एका वेगळ्या टप्प्यात होतात आणि लिनक्सवर ती बहुतेक ठिकाणी हार्फबझ ही लायब्ररी करते. डीडब्ल्यूएम आणि डीमेनू मजकूर काढण्यासाठी थेट एक्सएफटी वापरतात. ती लायब्ररी प्रत्येक अक्षरचिन्हाची आकृती फाँटमधून उचलते आणि साठवणीच्या क्रमानेच ओळीत मांडते. मधला टप्पा तिथे नाहीच. ज्या लिपीत साठवणीचा आणि लिहिण्याचा क्रम एकच असतो तिचे यात काही बिघडत नाही. मराठीचे मात्र पुष्कळ शब्दांत बिघडते.

पॅच, म्हणजे कोडमध्ये छोटी दुरुस्ती, लावून हे सुधारता येईल का, याचा मी विचार केला. पण डीडब्ल्यूएमला लावलेला प्रत्येक पॅच पुढच्या आवृत्तीशी जुळवून घ्यावा लागतो आणि ते काम शेवटी माझ्याच गळ्यात राहणार होते. मी गावाला गेले असताना काही मोडले तर मावशीने कोणाकडे पाहायचे? मग मी दुसरा मार्ग सुचवला: फायलींची नावे इंग्रजीत ठेवू. त्याला तिने स्पष्ट नकार दिला. निशाणीचा क्रमांक आणि तिचे नाव न्यायालयाच्या यादीत जसे आहे तसेच ती ठेवते. नाव बदलले आणि वकिलांनी फोनवर विचारले, तर कोणता कागद कोणता हे सांगताना चूक होऊ शकते, आणि पेपरबुकात निशाणीची अदलाबदल झाली तर ती न्यायाधीशांसमोरच उघडी पडते. तिचे म्हणणे बरोबर होते. यंत्राच्या सोयीसाठी कामाची शिस्त मोडायला लावणे मलाच पटण्यासारखे नव्हते.

त्यातच तिसऱ्या दिवशी एक नुकसान झाले. डीडब्ल्यूएममध्ये खिडकी बंद करण्याची कळ आणि संपूर्ण विंडो मॅनेजर बंद करण्याची कळ या दोन्ही मुख्य कळ व शिफ्टसोबतच्या आहेत. एकीला ‘सी’, दुसरीला ‘क्यू’. दुसरी कळ दाबली की तो काहीही न विचारता संपतो आणि त्यासोबत सगळे सत्रही. मावशीने शब्दसूची बंद करायला गेले असता ‘क्यू’ दाबले. रायटरने दर काही मिनिटांनी ठेवलेल्या प्रतीतून बहुतेक मजकूर परत मिळाला, पण पंचनाम्याचे दोन परिच्छेद गेले. ती काही बोलली नाही, ते पुन्हा लिहायला बसली. ती कळ मी पहिल्याच दिवशी काढून टाकायला हवी होती.

दुसरा प्रयत्न: आयथ्री

आयथ्रीकडे मी वळले ते एका नेमक्या कारणासाठी. मिखाएल श्टापेलबेर्ग यांनी सुरू केलेला आणि २००९ साली पहिल्यांदा आलेला हा विंडो मॅनेजर खिडकीच्या माथ्यावरचा मजकूर आणि खालची पट्टी या दोन्हींसाठी पँगो ही लायब्ररी वापरू शकतो, आणि पँगोच्या पोटात हार्फबझ असते. बसवल्यावर मी सर्वांत आधी तीच फाईल उघडली. ‘निशाणी ३२ फिर्यादीचा जबाब’ हे नाव वेलांटी, रफारासह जसेच्या तसे दिसले. डीमेनूच्या जागी रोफी ठेवला. तोही पँगोवरच चालतो. फाँट म्हणून लोहित मराठी निवडला, कारण त्यातील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत आणि मावशीला हिंदी वळणाचा ‘ल’ डोळ्यांत खुपतो. हा हट्ट कोणाला क्षुल्लक वाटेल. ज्या अक्षरांकडे दिवसभर पाहायचे ती आपल्या वळणाची असावीत, यात मला वावगे वाटत नाही.

आयथ्रीची सेटिंग साध्या मजकूर फाईलमध्ये असते आणि ती बदलून एक कळ दाबली की खिडक्या जागच्या जागी ठेवून विंडो मॅनेजर नव्याने सुरू होतो. कंपाइल करायचे नाही, सत्र मोडायचे नाही. या एका गुणामुळे पुढचे सगळे काम मावशीच्या शेजारी बसून, तिच्या तोंडून ऐकत ऐकत करता आले. ‘हे बटण इथे नको, बोट पोचत नाही’ असे ती म्हणायची आणि पुढच्या मिनिटाला ते दुसरीकडे असायचे.

मांडणी अशी ठरली. पहिल्या कार्यपटावर (कार्यपट म्हणजे कळ दाबून बदलता येणारा वेगळा पडदा) डावीकडे मूळ कागद, उजवीकडे रायटर, दुसऱ्यावर ब्राउझर आणि ईमेल, तिसऱ्यावर फायली. कार्यपटांना ‘अनुवाद’, ‘टपाल’, ‘कागद’ अशी नावे दिली. इथे एक बारीक गोष्ट सापडली: नावाच्या सुरुवातीला मराठी अंक घातला, तर आयथ्री त्याला अंक मानत नाही आणि कार्यपटांचा क्रम बिघडतो. अंक 1, 2, 3 असा इंग्रजीतलाच द्यावा लागतो. मात्र पट्टीवर तो दाखवू नये अशी सोय आहे, ती वापरली, त्यामुळे दिसते फक्त मराठी नाव. १३६६ पिक्सेलचे दोन भाग केले की प्रत्येकाला ६८३ पिक्सेल येतात, म्हणून रायटरची बाजूची पट्टी बंद केली आणि पान रुंदीला बसवले. खिडक्यांमध्ये मोकळी जागा सोडण्याची सोय आयथ्रीत ४.२२ आवृत्तीपासून आली आहे आणि अनेकांना ती देखणी वाटते. एवढ्या लहान पडद्यावर ती परवडत नाही. खिडकीची माथ्याची पट्टी मात्र मी मुद्दाम ठेवली, कारण निशाणीचे नाव तिथेच दिसते. पीडीएफसाठी झथुरा ठेवला. तो मुळात फाईलचा पूर्ण पत्ता माथ्यावर दाखवतो, तेव्हा फक्त नाव दाखवण्याची सूचना दिली. फाईल बंद करून पुन्हा उघडली तर झथुरा शेवटचे पान लक्षात ठेवतो. शंभर पानांच्या साक्षी वाचताना याची किंमत कळते.

दोन गोष्टींनी मावशीच्या कामात सर्वांत मोठा फरक पडला, आणि त्यांपैकी एकीचा मी आधी विचारही केला नव्हता. आयथ्रीत मुळात माऊस ज्या खिडकीवर जाईल तिथे कीबोर्डही जातो. हे वागणे मी बंद केले. परिणाम असा झाला, की माऊस मूळ कागदावर ठेवून चाक फिरवले तर तो कागद सरकतो, कारण चाकाचा संदेश माऊसखालच्या खिडकीलाच मिळतो, आणि त्याच वेळी टायपिंग मात्र रायटरमध्येच चालू राहते. डावा हात कीबोर्डवर, उजवा क्षणभर चाकावर, नजर जबाबावर. पूर्वी जे क्लिक करून जावे आणि क्लिक करून परत यावे लागे ते संपले.

दुसरी गोष्ट स्क्रॅचपॅडची. तिने स्वतः जमवलेली कायद्याच्या शब्दांची मोठी तक्ता-फाईल आहे; भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशांतून आणि जुन्या निकालांतून वर्षानुवर्षे उतरवून घेतलेली. ती फाईल आयथ्रीच्या स्क्रॅचपॅडमध्ये ठेवली. एक कळ दाबली की ती पडद्याच्या मधोमध येते, तीच कळ पुन्हा दाबली की नाहीशी होते, आणि खालच्या दोन खिडक्या जागच्या हलत नाहीत. ज्या अडथळ्यापासून हे प्रकरण सुरू झाले तो इथे सुटला.

बाहेर पडण्याची कळ मी यावेळी काढूनच टाकली. खिडकी बंद करण्याची कळ ठेवली. ती दाबली तर रायटर स्वतःच मजकूर साठवायचा का हे विचारतो.

कीबोर्ड आणि मराठी

मावशी इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीवर टाइप करते. इंग्रजी पहिली आणि मराठी दुसरी अशा दोन मांडण्या दिल्या आणि कॅप्स लॉकने त्यांत बदल व्हावा असे ठरवले. त्याच्यासोबत एक पर्याय जोडला, ज्यामुळे मराठी चालू असताना कॅप्स लॉकचा दिवा लागतो. दिव्याकडे पाहिले की कोणती लिपी चालू आहे ते कळते, पडद्यावर खूण शोधावी लागत नाही. मराठी चालू असताना विंडो मॅनेजरच्या कळा चालतील का, ही मला धास्ती होती. आयथ्री त्या कळा पहिल्या मांडणीवरून ठरवतो आणि इतर मांडण्यांतही चालू ठेवतो, म्हणून इंग्रजी पहिली असणे महत्त्वाचे.

एका दुपारी तिचा फोन आला: मराठी गेली. तिने बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडला होता. मी मांडणी सत्र सुरू होताना एका आज्ञेने लावत होते, आणि नंतर जोडलेल्या कीबोर्डला ती लागत नाही. तो प्रणालीच्या मूळ मांडणीनेच सुरू होतो. डेबियनमध्ये कीबोर्डची प्रणालीभर लागू होणारी एक फाईल असते. मांडणी, तिचा प्रकार आणि कॅप्स लॉकचे पर्याय तिथे लिहिले, आणि त्यानंतर कोणताही कीबोर्ड जोडला तरी मराठी येते.

जे आपोआप मिळत होते

डेस्कटॉप काढून विंडो मॅनेजर बसवला, की त्याच्यासोबत न बोलता होणारी अनेक कामे निघून जातात आणि ती गेल्याचे एकेक करून कळते. वायफायची खूण, आवाजाच्या कळा, पडद्याचा उजेड, सूचना, बॅटरी, पडदा कुलूपबंद करणे, हे सगळे लहान लहान प्रोग्राम जोडून परत उभे करावे लागले. पेन ड्राइव्ह आपोआप उघडणे तिच्यासाठी अत्यावश्यक होते, कारण काम येते तेच पेन ड्राइव्हवर. त्यासाठी युडिस्की ठेवला. बॅटरीचा आकडा पट्टीवर ठळक केला, कारण उन्हाळ्यात दुपारी वीज गेली तर तिच्याकडे इन्व्हर्टर फक्त पंख्यांना आहे.

मेमरीविषयी लिहिणे भाग आहे, कारण लोक बहुधा त्याच कारणासाठी असा बदल करतात. आयथ्री ग्नोमपेक्षा पुष्कळ कमी मेमरी घेतो आणि सत्र लवकर सुरू होते, हे खरे. पण ब्राउझर आणि रायटर उघडले की ४ जीबीतला मोठा वाटा तेच खातात, आणि तो खर्च कोणत्याही विंडो मॅनेजरने कमी होत नाही. मंद यंत्र वेगवान करायचे म्हणून कोणी हे करणार असेल तर त्याने अपेक्षा माफक ठेवावी. वेलंड या पडदा चालवणाऱ्या नव्या व्यवस्थेवरचा स्वे हा विंडो मॅनेजर आयथ्रीचीच सेटिंग वाचतो, त्यामुळे पुढे कधी तिकडे जायचे झाले तर आजचे काम बरेचसे उपयोगी पडेल. या जुन्या यंत्रावर मी तो प्रयोग केला नाही.

सुटी संपल्यानंतर

कळांची यादी मी एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून दिली होती, एकूण अकरा. न्यायालय उघडेपर्यंत तिने त्यातल्या आठ पाठ केल्या आणि तीन खोडल्या, कारण त्या तिला लागतच नव्हत्या. मी त्या सेटिंगमधूनही काढल्या.

जूनमध्ये कामाचा रेटा सुरू झाल्यावर तिला शब्दसूचीची खिडकी उंचीला कमी वाटू लागली. मी कामावर होते आणि तिने मला फोन केला नाही. तिने सेटिंगची फाईल स्वतः उघडली, आकड्यांची ओळ ओळखली, उंची वाढवली, आणि शेजारच्या ओळीत ‘कागद’ या कार्यपटाचे नाव बदलून ‘पेपरबुक’ केले. नाव लिहिताना अवतरणचिन्ह राहून गेले. आयथ्रीने पडद्याच्या माथ्यावर लाल पट्टी दाखवली, की सेटिंगमध्ये चूक आहे. तिने चुकांची यादी उघडली, ओळीचा क्रमांक वाचला, टंकलेखनातली चूक शोधावी तशी ती ओळ डावीकडून उजवीकडे तपासली आणि चिन्ह भरले. संध्याकाळी मी पोचले तेव्हा पट्टीवर ‘पेपरबुक’ असे लिहिलेले होते आणि ती निशाणी ५७ वर होती.